वासुदेव बळवंतांच्या बंडातल्या बाकीच्या माणसांची नावं कुठे गेली?

घाटवाट (धागाकर्ता)

गेल्या रविवारी लेकीला घेऊन शिरढोणला जाऊन आलो. पनवेल सोडून पळस्पे फाट्याला गोव्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात गाव येतं. वासुदेव बळवंत फडक्यांचं घर, स्मारक, सगळं पाहिलं. लेक आठवीत आहे. गाडीतच तिला सांगायला सुरुवात केली होती. ४ नोव्हेंबर १८४५ चा जन्म. आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार. पुढे पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकुनी, आई आजारी असताना न मिळालेली रजा, मग १८७६-७७ चा दुष्काळ, आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये रामोशांना घेऊन केलेला उठाव. पोरगी मन लावून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "बाबा, त्यांच्याबरोबर जे लोक होते त्यांची नावं काय?"

दौलतराव नाईक, एवढंच सांगता आलं. तो रामोशांचा पुढारी होता आणि मारला गेला. पुढे माझी गाडी अडली.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. एकट्या माणसाने बंड होत नाही. धामारीच्या दरोड्यात फडक्यांबरोबर जे रात्रीचे चालत गेले, ज्यांनी भाकरी पोचवल्या, ज्यांनी घाटातल्या वाटा दाखवल्या, त्यांना आपण 'रामोशी' या एका शब्दात गुंडाळून ठेवलंय. आपण गोष्ट सांगतो ती एका माणसाची, आणि ती अपुरी आहे असं माझं ठाम मत झालंय.

जाणकारांना दोन प्रश्न. या लोकांबद्दल कुणाकडे काही माहिती, घरातल्या आठवणी आहेत का? आणि हे रामोशी फडक्यांना का मिळाले? लुटीसाठी, की आणखी काही होतं?

---

चिंचेचा कोळ

उत्तम धागा. वाचनखूण साठवली. लेकीला शाबासकी सांगा.

---

सदाशिवपेठी

लेकीचा प्रश्न छान आहे, पण धागाकर्त्याच्या मतात थोडी गडबड वाटते. फडक्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की रामोशांचा डोळा लुटीवर होता, वाटणीवरून कटकट व्हायची. त्यांना सैन्य उभारायचं होतं. त्यासाठी पैसा हवा म्हणून दरोडे. बरोबरच्या लोकांना मात्र पैसा हातात आला की घरी जायचं असे. एप्रिलमध्ये ते श्रीशैल मल्लिकार्जुनाला निघून गेले ते या निराशेतूनच. तिथे जीव द्यायच्या विचारापर्यंत आले होते. ज्यांच्यामुळे नेता इतका खचला, त्यांना आता बरोबरीचे क्रांतिकारक ठरवणं म्हणजे इतिहास सोयीने वाकवणं झालं.

फडक्यांनी आधी पुण्यातल्या शिकलेल्या लोकांकडे साथ मागितली, पैसेवाल्यांकडे पैसा मागितला. कुणी दिला नाही. म्हणून रामोशी.

---

मोडीवाचक

@सदाशिवपेठी, तुमच्याच मुद्द्यावर जरा थांबतो.

फडक्यांची रोजनिशी आणि आत्मवृत्त पोलिसांच्या हाती लागलं. मूळ लिखाण मराठी. आपल्यापर्यंत पोचलंय ते सरकारी इंग्रजी भाषांतर, आणि त्यावरून पुन्हा केलेलं मराठी. मी रोज मोडीतली जुनी कागदपत्रं वाचतो, त्यामुळे एका शब्दाने अर्थ कसा फिरतो हे पाहिलंय. मागणारा माणूस "वाटा मागतो" की "लोभ धरतो" हे भाषांतर करणाऱ्याच्या लेखणीवर ठरतं. फडक्यांची नाराजी खरीच असणार. पण तिचे शब्द कुणाचे, हे मनात धरून वाचा.

आणि ते लिहिलं कधी, तेही बघा. टोळीपासून दूर, श्रीशैलावर, खचलेल्या मनाने. आठ-दहा आठवड्यांच्या धावपळीनंतर. त्या मनःस्थितीत माणूस सगळ्यात जवळच्यांवरच चिडतो.

---

नीरेकाठ

पहिल्यांदाच इथे लिहितेय. आजवर वाचनमात्र होते.

मी रामोशी समाजातली. आमचं गाव पुरंदर तालुक्यात. "लुटीवर डोळा" हे वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून खाते उघडलं.

आधी रामोशी म्हणजे कोण ते सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की डोंगरात राहून दरोडे घालणारे लोक. आमचं काम रखवालीचं. गडांची राखण, गावची राखण. गावात चोरी झाली की माग काढायचा तो रामोशाने. धुळीतलं पाऊल ओळखायचं, त्याच्यामागे जायचं. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत गेला की तो त्या गावच्या रामोशाला दाखवून त्याच्या हवाली करायचा, मग पुढची जबाबदारी त्याची. माग आपल्याच शिवेत हरवला तर चोरीची भरपाई रामोशाच्या अंगावर. घरदार विकून भरपाई केल्याच्या गोष्टी माझी आजी सांगायची. हे असं इमान ज्यांच्या कामातच होतं, ते लोक.

१८१८ ला पेशवाई गेली. पुरंदरसारख्या गडांवर पिढ्यान्‌पिढ्या राखणीला असलेल्या आमच्या लोकांना इंग्रजांनी काढून टाकलं. इनामं, हक्क गेले. हातात राहिलं काय? रात्रीच्या वाटा माहीत असणं आणि हत्यार चालवता येणं. उमाजी नाईक खोमणे यांचं बंड त्यातूनच उठलं. भिवडीचे ते. इंग्रजांनी मध्ये त्यांना माफी देऊन नोकरीतही घेतलं, तरी ते पुन्हा उठले. डिसेंबर १८३१ मध्ये उत्रोळीला फितुरीने पकडले गेले. ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात खडकमाळ आळीत फाशी. लोकांना जरब बसावी म्हणून शव पिंपळाला टांगून ठेवलं.

फडके गावोगाव फिरले तेव्हा या गोष्टीला पन्नासच वर्षं झाली होती. म्हणजे आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांनी उमाजी नाईकांना डोळ्यांनी पाहिलेलं होतं. फडक्यांनी आमच्यात बंड आणलं नाही. ते आमच्याकडे होतंच. ते आले तेव्हा त्याला एक शिकलेला माणूस मिळाला, इतकंच.

आणि वाटणीचं म्हणाल तर, दुष्काळ नुकताच संपला होता. घरी खाणारी तोंडं. हिशेबखात्यातला पगार कुणाच्या मागे नव्हता. सावकाराकडचे चार पैसे हाताला लागले तर माणूस घरी धाडणार नाही का? तो लोभ कसा?

---

चिंचेचा कोळ

नीरेकाठ ताई, लिहित्या झालात ते फार बरं केलंत. माग शिवेवर हवाली करायची पद्धत मला मुळीच ठाऊक नव्हती.

---

सह्याद्रीची लेक

नीरेकाठच्या प्रतिसादाला अनुमोदन. थोडं शेजारचं सांगते, मी अकोले तालुक्यातली आहे.

आमच्याकडे हीच गोष्ट राघोजी भांगऱ्यांची. देवगावचे महादेव कोळी. त्यांचे वडील रामजी भांगरेही इंग्रजांविरुद्ध उठले होते. १८४४ पासून राघोजींनी सावकार आणि इंग्रज दोघांनाही सळो की पळो केलं. जानेवारी १८४८ मध्ये पंढरपुरात पकडले गेले, २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. तिथेही मुळाशी तेच होतं, किल्ल्यांच्या राखणीचे हक्क गेले आणि सावकाराचा पाश आला. १८५७ मध्ये नांदूर शिंगोट्याचे भागोजी नाईक उठले, तेही भिल्लांना घेऊन. ही सगळी एकाच डोंगररांगेतली माणसं. फडक्यांना 'आद्य क्रांतिकारक' म्हणताना यांची आठवण ठेवावी असं मला मनापासून वाटतं. फडक्यांचं मोठेपण त्याने तसूभरही कमी होत नाही.

---

सदाशिवपेठी

नीरेकाठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "लुटीवर डोळा" हा शब्द मी फार सहज वापरला. तो मागे घेतो.

पण एक फरक मला अजूनही दिसतो. उमाजी नाईक, राघोजी भांगरे गेलेल्या हक्कांसाठी लढले. फडक्यांचा जाहीरनामा वेगळा आहे. मे १८७९ मध्ये त्यांनी सरकारला बजावलं की लोकांना कामधंदा द्या, कर कमी करा, गोऱ्या अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार कापा, नाहीतर परिणामाला तयार राहा. गव्हर्नर रिचर्ड टेंपलच्या डोक्यावर उलट इनाम लावलं. इथे एका जातीचा, एका तालुक्याचा प्रश्न राहिलेला नाही, सगळ्या रयतेचा झालाय. हे फडक्यांनीच केलं. 'आद्य' हा शब्द मी त्या अर्थाने घेतो.

---

वकीलकाकू

लूट की बंड, याचं उत्तर खटल्यातच आहे.

पकडल्यावर फडक्यांवर दोन्ही प्रकारचे आरोप ठेवले गेले, सरकारविरुद्ध युद्धाचे आणि दरोड्याचे. नुसता दरोडेखोर म्हणून शिक्षा देऊन मोकळं होणं सरकारला सहज शक्य होतं. पण सरकारला स्वतःलाच तेवढ्यावर भागेल असं वाटलं नाही. नोव्हेंबर १८७९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि माणूस देशात ठेवायलासुद्धा सरकार धजावलं नाही, एडनला पाठवला. 

वकीलपत्र कुणी घेतलं तेही या निमित्ताने लिहिते. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका. आणि महादेव चिमणाजी आपटे, पुढे आनंदाश्रम संस्था काढली ते. पुण्यात तेव्हा फडक्यांशी ओळख होती असं म्हणायलाही लोक घाबरत. अशा वेळी कोर्टात त्यांच्या बाजूने उभं राहायला छाती लागते. मी वकिली सुरू केली तेव्हा माझ्या सीनियरांनी टेबलावर सार्वजनिक काकांचा छोटा फोटो ठेवलेला होता. अशील कोण आहे हे बघून वकीलपत्र नाकारायचं नाही, एवढंच त्या फोटोकडे बोट दाखवून सांगायचे. खादी त्यांनी अंगावर घातली ती कोर्टातसुद्धा, हे तर सगळ्यांना माहीत आहे.

---

शिवेवरचा

थोडी वेगळी बाजू मांडतो. राग मानू नये.

माझं आजोळ शिरूर तालुक्यातलं. धामारीला २३ फेब्रुवारी १८७९ ला फडक्यांचा पहिला छापा पडला, ते गाव आमच्या पंचक्रोशीतलं. आमच्या आईकडे दुकानदारी होती. ज्यांच्या घरावर दरोडा पडला तीही माणसंच होती. रात्री दारावर धोंडा पडला की घरातल्या बायकापोरांची काय अवस्था होते हे ज्याच्या घरी घडलं त्यालाच माहीत. प्रत्येक दुकानदार रक्त शोषणारा सावकार होता असं धरून चालायचं का? स्वातंत्र्याची गोष्ट सांगताना या घरांचीही गोष्ट सांगा, इतकंच माझं म्हणणं आहे. फडक्यांबद्दल मला आदरच आहे.

---

मोडीवाचक

शिवेवरचा यांचं म्हणणं रास्त आहे. त्याला एक जोड देतो.

फडक्यांच्या आधी चारच वर्षं, १२ मे १८७५ ला, सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला. पुणे आणि नगर जिल्ह्यांत तो पसरला. तिथे लोकांनी काय केलं, तर बहुतेक ठिकाणी कर्जखतं मागितली आणि जाळली. माणसांना मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर भर होता. मी त्या काळची गहाणखतं वाचलेली आहेत. शाई फिकट झालेली, खाली कुणब्याच्या सहीच्या जागी नांगराची खूण. बारा रुपयांचं मुद्दल, आणि व्याज चढत चढत जमीन गेलेली. तो कागद हातात धरला की सुप्याला कागद का जाळले हे वेगळं सांगावं लागत नाही.

पण कागद लिहून घेणारा दरवेळी राक्षस नव्हता, हेही खरं. साऱ्याची मुदत रोखीत आणि ठरल्या तारखेला. पाऊस पडो न पडो. शेतकरी सावकाराकडे धावायचा तो सरकारचा सारा भरायला. सावकार मधला माणूस. फडक्यांना ते नेमकं कळलं होतं, म्हणून त्यांचा जाहीरनामा सावकाराच्या नावाने नाही, सरकारच्या नावाने आहे.

---

भटकभवानी

अवांतर: कुणी शिरढोणला जाणार असेल तर पहाटे निघून आधी कर्नाळा किल्ला करा आणि मग स्मारक बघा. किल्ला झाल्यावर भूक इतकी लागते की रस्त्यातला पहिला वडापाव अमृत लागतो. मी तीन खाल्ले. :)

---

तालीमवाला

लहुजी वस्तादांचं नाव अजून कसं कुणी घेतलं नाही? गंज पेठेतली त्यांची तालीम. दांडपट्टा, तलवार, नेमबाजी फडके तिथे शिकले. वस्ताद मातंग समाजाचे, पुरंदरच्या पायथ्याचे. धागाकर्त्याने "बाकीची माणसं" विचारलीत ना, मग पहिलं नाव वस्तादांचं लिहा.

दांडपट्टा मी स्वतः पंधरा वर्षं खेळतोय. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत जाते, मनगट आत बंद होतं, त्यामुळे वार मनगटाने करताच येत नाही, खांद्यातून आणि कमरेतून करावा लागतो. पहिले सहा महिने नुसते पाय शिकवतात. कारकुनी करणारा माणूस दिवसभर आकडेमोड करून संध्याकाळी हे शिकायला येत होता. कसली जिद्द असेल.

---

सदाशिवपेठी

तालीमवाला, बरोबर. आणि शिकून झाल्यावर फडके स्वतः पुण्यातल्या पोरांना शिकवू लागले.

शिकवण्यावरून आठवलं. बंडाच्या आधी वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर त्यांनी पुण्यात शाळा काढली. आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी ती. मी भावे स्कूलचा. शाळेत फडक्यांची तसबीर होती, दरवर्षी हार घालायचो. या धाग्यातली अर्धी नावं मात्र मला शाळेत कुणी सांगितली नाहीत. धागाकर्त्यांच्या लेकीला पडलेला प्रश्न मला दहा वर्षांत एकदाही पडला नाही याची खंत वाटते.

---

पुणेरी पगडी

बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा फडक्यांनी जाळला असं लहानपणी ऐकलेलं. खरं काय?

---

मोडीवाचक

नाही. मे १८७९ मध्ये पुण्यात ती आग लागली. बुधवारवाडा गेला, विश्रामबागवाड्याचा काही भाग जळाला. बंड पेटलेलं, त्यामुळे इंग्रजांनी लगेच फडक्यांचं नाव घेतलं, आणि त्यांच्या वर्तमानपत्रांनी सगळ्या पुणेरी ब्राह्मणांवरच संशय घेतला. चौकशीत आग लावणारा सरकारी पुस्तकांच्या डेपोतला कारकून निघाला. स्वतःची अफरातफर झाकायला त्याने आग लावली. फडके तेव्हा पुण्यात नव्हतेच.

---

नीरेकाठ

पुन्हा मीच. एक गोष्ट खटकली ती सांगते, कुणाला बोल लावायचा म्हणून नाही.

या धाग्यावर सगळीकडे "फडके आले, फडके म्हणाले, ते निघून गेले". आणि धागाकर्त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, दौलतराव नाईक, "तो रामोशांचा पुढारी होता आणि मारला गेला". फडक्यांना 'ते' आणि दौलतरावांना 'तो'. मुद्दाम लिहिलं नाही हे मला कळतं. तेच तर. मुद्दाम न करता होतं.

माझ्या पणजोबांना संध्याकाळी गावच्या पाटलाकडे हजेरी द्यावी लागायची. चोरी कुठेही होवो, रात्री रामोशी घरात आहे की नाही हे बघायला माणूस यायचा. नाव पुकारलं की आतून ओ द्यायची. आजी सांगायची, पणजोबा तापाने फणफणले होते तेव्हा तिने त्यांच्या वतीने ओ दिली तर चालली नाही, धरून दारात उभं करावं लागलं. ज्यांच्या पिढ्यांनी गावाची राखण केली त्यांचीच राखण सुरू झाली. ती पुकारण्यातली हाक नेहमी एकेरी असायची. आजी ते फार सोसून सांगायची.

त्यामुळे एकेरी शब्द माझ्या कानाला लगेच लागतो.

---

घाटवाट (धागाकर्ता)

नीरेकाठ ताई, चूक माझी. तुम्ही म्हणालात ते वाचलं आणि थेट पोटात गेलं. इथे पोस्ट संपादित करायची वेळ टळून गेली आहे, आणि एका परीने ते बरंच. खाली तुमचा प्रतिसाद वाचणाऱ्याला वरचा 'तो'ही दिसू दे.

दौलतराव नाईक रामोशांचे पुढारी होते. फडके श्रीशैलाला गेले तेव्हा टोळी त्यांनी सांभाळली. मे महिन्यात घाट उतरून ते कोकणात आले आणि १०-११ मेच्या रात्री पळस्पे आणि चिखलीला त्यांनी छापे घातले. तिथून घाटाकडे परतताना मेजर डॅनियलच्या फौजेने त्यांना गाठलं. लढताना ते पडले.

आता एक सांगतो. पळस्पे म्हणजे तेच, ज्या फाट्यावरून मी रविवारी गाडी वळवली. फडक्यांच्या जन्मगावाच्या इतक्या जवळ दौलतराव आपली शेवटची मोहीम करून गेले, आणि मी तिथे सिग्नलला उभा राहून लेकीला सांगत होतो की एकच नाव ठाऊक आहे, ते कुठले काय ते माहीत नाही.

---

तालीमवाला

अंगावर काटा आला.

---

दर्यावर्दी

मी मर्चंट नेव्हीत आहे. एडनच्या बाहेर आमचं जहाज दोनदा नांगरून होतं, म्हणून त्या बाजूचं थोडं लिहितो.

जहाजावरून एडन दिसतं ते जळून विझलेल्या निखाऱ्यासारखं. काळे-तपकिरी उघडे डोंगर, जुन्या ज्वालामुखीचे. झाड शोधून सापडत नाही. खाली खारट वारा आणि चटका देणारा उन्हाळा. तेव्हा एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालायचा, म्हणून तिथे धाडणं सरकारला सोपं होतं.

ऑक्टोबर १८८० मध्ये फडक्यांनी कोठडीचं दार बिजागरीतून उपटून काढलं आणि ते पळाले. हे वाचताना मी नेहमी तो डोंगर डोळ्यांपुढे आणतो. सह्याद्रीत पळणारा माणूस करवंदाच्या जाळीत शिरतो, ओढ्याला पाणी पितो, रामोशाच्या झोपडीत भाकर मिळते. तिथे काय होतं? आडोसा नाही, पाणी नाही, भाषा कळणारं कुणी नाही. लवकरच पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथल्याच तुरुंगात गेले. वय सदतीस.

नीरेकाठ म्हणाल्या ते मला यावरून जास्त पटतं. पुरंदर-भोरच्या डोंगरात फडके महिनोन्‌महिने सापडले नाहीत, कारण त्यांना लपवणारी माणसं होती. एडनला ती माणसं नव्हती.

---

सदाशिवपेठी

दर्यावर्दी, हा मुद्दा माझ्या सगळ्या प्रतिसादांवर भारी आहे. मान्य.

त्यात भर: दौलतराव पडल्यावर फडके निजामाच्या मुलखात गेले, रोहिल्यांची फौज मिळवण्यासाठी. इस्माइल खान नावाच्या रोहिल्याशी बोलणी झाली. ती फौज उभी राहायच्या आतच जुलै १८७९ मध्ये देवर नावडगीला, अंगात ताप असताना, झोपेत पकडले गेले. पकडणाऱ्यांत डॅनियलच होता, बरोबर निजामाचे पोलीस अधिकारी अब्दुल हक. म्हणजे दौलतराव गेल्यावर फडके दोन-अडीच महिने टिकले. आपल्या डोंगरातून बाहेर पडले आणि सापडले. आधी मी म्हणालो होतो की रामोशांमुळे फडके खचले. तारखा समोर ठेवल्या तर उलटंच दिसतं.

---

शिवेवरचा

दौलतरावांबद्दल गावाकडे विचारून बघतो. आजोळी एक मामा आहेत, नव्वदीचे. धामारीच्या छाप्याबद्दल त्यांनी काय ऐकलंय ते रेकॉर्ड करून घेतो. दोन्ही बाजूंनी.

---

पुणेरी पगडी

फडक्यांना पुण्यात ठेवलेली कोठडी संगम पुलाजवळ अजून आहे ना? सीआयडीच्या आवारात?

---

वकीलकाकू

आहे. स्मारक म्हणून जपलीय. सरकारी आवार आहे, आधी परवानगी विचारून जा. मी दहाएक वर्षांपूर्वी आत उभी राहिले होते. दगडी भिंत, अंधार, आणि बाहेर पुलावरच्या वाहनांचा आवाज. दोन मिनिटांत घाम फुटतो.

---

तालीमवाला

मग एक सुचवू का? १७ फेब्रुवारी हा फडक्यांचा स्मृतिदिन. लहुजी वस्ताद गेले तेही १७ फेब्रुवारीलाच, १८८१ मध्ये. वस्तादांची समाधी संगमवाडीला, म्हणजे कोठडीपासून नदीपलीकडे. सकाळी समाधी, मग पूल ओलांडून कोठडी, मग खडकमाळ आळीत उमाजी नाईकांचं स्मारक. एका सकाळीत तिन्ही होतं. कोण कोण येणार?

---

सह्याद्रीची लेक

मी येते. संगमनेरवरून पहाटेची एसटी पकडीन.

---

चिंचेचा कोळ

मी नक्की. दोन गाड्या माझ्याकडून.

---

घाटवाट (धागाकर्ता)

मी आणि लेक येतोय. तिने वहीचं एक पान काढून ठेवलंय. वर लिहिलंय "वासुदेव बळवंत फडके यांच्याबरोबरचे लोक". खाली आतापर्यंत दौलतराव नाईक आणि लहुजी वस्ताद. बाकी ओळी रिकाम्या सोडल्यात. कुणाकडे एखादं नाव असेल, घरात ऐकलेलं, गावच्या देवळात कोरलेलं, तर इथे लिहा. मी तिला रोज संध्याकाळी धागा वाचून दाखवतो.

---

नीरेकाठ

मी जेजुरीवरून येईन. आमच्यात कुठलंही मोठं काम करताना खंडोबाचा बेलभंडार उचलून शपथ घेतात. उमाजी नाईकही खंडोबाचे भक्त. येताना भंडारा घेऊन येते, तिन्ही ठिकाणी वाहू.

घाटवाट, लेकीला सांगा ओळी रिकाम्याच ठेव. माझ्या चुलत आजोबांना वाल्ह्याच्या छाप्यात आमच्या घरचं कुणी होतं असं नेहमी वाटायचं. गावी जाऊन थोरल्या चुलत्यांना विचारते आणि सांगते.